कृषी प्रदर्शनाला गाडी करून निघालात? तिकीट स्वस्त, फेरी महाग. पैसे वसूल व्हायचे तर आधी 'हे' वाचा

हिंगोली : सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, की जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "पुण्याला प्रदर्शन लागतंय, गाडी करायची का?" सात-आठ जण तयार होतात, जीप ठरते, रात्रीच निघायचं ठरतं. दोन दिवसांनी मंडळी परत येतात ती पिशवीभर पत्रकं, डोक्यावर कंपनीची टोपी आणि मोबाइलमध्ये शे-दीडशे फोटो घेऊन. कुणी फवारणीचा पंप आणतो, कुणी टॉनिकच्या बाटल्या, तर कुणी यंत्राचं बुकिंग करून पावती खिशात घालून येतो.

महिनाभरानं विचारलं, की फेरी परवडली का, तर उत्तरं दोन टोकांची मिळतात. एकजण म्हणतो, "नुसती गर्दी, पाय दुखले, हाती काही नाही." त्याच गाडीतला दुसरा म्हणतो, "माझं एका दिवसात काम झालं." प्रदर्शन एकच, तिकीट एकच, मग फरक कशानं पडतो? बहुतेक वेळा घरून निघताना काय ठरवलं होतं आणि तिथं खिशात हात कधी घातला, यानं पडतो. विशेषतः अनुदानावर यंत्र घ्यायचं असेल, तर घाईतल्या एका पावतीनं हजारो रुपयांचं नुकसान होऊ शकतं.

प्रदर्शनी वेगळी, प्रदर्शन वेगळं

हिंगोलीकरांना प्रदर्शनी नवीन नाही. रामलीला मैदानावरच्या दसरा महोत्सवाला दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं, खाऊचे गाडे, रावणदहन. लेकराबाळांना घेऊन जायचं, फिरायचं, खायचं, परत यायचं. तिथं पैसे मौजेसाठीच खर्च होतात.

कृषी प्रदर्शनाचं तसं नसतं. तिथं स्टॉल लावणारी कंपनी जागेचं भाडं भरून आलेली असते. आलेल्या माणसाचा मोबाइल नंबर, बुकिंग किंवा जागेवरची विक्री यातून तिला तो खर्च काढायचा असतो. यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण दसऱ्याच्या प्रदर्शनीत फिरावं तसं तिथं फिरलं, तर दिवस कंपन्यांच्या कामी येतो आणि आपलं काम राहून जातं.

कुठं काय पाहायला मिळतं?

सगळी प्रदर्शनं सारखी नसतात. कामाप्रमाणे ठिकाण निवडलं तर निम्मा खर्च तिथंच वाचतो.

परभणी : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे आपल्याला सगळ्यांत जवळचं. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्या दिवसाच्या निमित्तानं दरवर्षी खरीप मेळावा होतो, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी रब्बीचा मेळावा होतो आणि ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीला महिला शेतकरी मेळावा भरतो. इथं प्रदर्शनाबरोबर शास्त्रज्ञ समोर भेटतात आणि विद्यापीठाचं बियाणंही विक्रीला असतं. सोयाबीनचे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ आणि तुरीचे बीडीएन ७११, ७१६, गोदावरी हे वाण इथलेच. बियाण्यासाठी रांग मोठी लागते, म्हणून सकाळी लवकर पोचलेलं बरं. एखाद्या वर्षी तारीख किंवा जागा बदलू शकते, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करावी.

मोशी, पुणे : डिसेंबरात भरणारं 'किसान' प्रदर्शन पाच दिवस चालतं. यंत्रं, ठिबक, पंप, संरक्षित शेती, नवीन कंपन्या यांची गर्दी इथं असते. एकाच प्रकारचं यंत्र बनवणाऱ्या अनेक कंपन्या एका छताखाली पाहायच्या असतील, तर इथं येण्यात अर्थ आहे.

बारामती : कृषी विज्ञान केंद्राच्या जागेवर जानेवारीत 'कृषिक' भरतं. इथं पीक उभं दिसतं. पत्रकावर वाचण्याऐवजी प्लॉटमध्ये जाऊन पाहता येतं.

नागपूर : 'ॲग्रोव्हिजन' २००९ पासून भरतं. स्टॉलबरोबर कार्यशाळांवर भर असतो. विदर्भाला लागून असलेल्या सेनगाव, हिंगोली तालुक्यातल्या कापूस, संत्रावाल्यांना इथले विषय जवळचे वाटतात.

एक ठिकाण मात्र बरेचजण विसरतात. कळमनुरी तालुक्यातलं तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. रोग कोणता, खत किती, वाण कुठला, एवढाच प्रश्न असेल तर त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

हिशेब तिकिटाचा नको, फेरीचा करा

"तिकीट फार नाही, जाऊन येऊ" असं म्हणताना बाकीचा खर्च मोजलाच जात नाही. एक साधा हिशेब पाहू.

हिंगोलीहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन आणि तिथं थोडं फिरून ९५० किलोमीटर धरा. समजा जीप किलोमीटरला १४ रुपयांनी ठरली, तर १३,३०० रुपये झाले. सात जणांत वाटले तर प्रत्येकी १,९००. दोन दिवसांचं जेवण, चहा आणि एका रात्रीची सोय यांचे ८०० रुपये धरले, की २,७०० झाले. त्यावर दोन दिवसांची घरची कामं मोडली ती वेगळीच.

तेच परभणी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन १५० किलोमीटर, त्याच दरानं २,१०० रुपये, प्रत्येकी ३००. संध्याकाळी माणूस घरी. एसटीनं गेलं तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत. हिंगोली आणि वसमत दोन्ही स्टेशनं पूर्णा मार्गावर असल्यानं रेल्वेचाही पर्याय आहे.

याचा अर्थ पुण्याला जाऊच नये असा नाही. लाख-दोन लाखांचं यंत्र घ्यायचं असेल, तर २,७०० रुपये घालून पाच कंपन्या समोरासमोर पाहणं स्वस्तच पडतं. फक्त बियाणं किंवा सल्ला हवा असेल, तर तेच २,७०० रुपये वाया गेल्यासारखे आहेत.

स्टॉलवरचा माणूस कोण, ते आधी ओळखा

"या काका, या दादा" म्हणत माहिती सांगणारा मुलगा बऱ्याचदा विक्री विभागातला असतो. काही ठिकाणी तर तो तेवढ्या पाच दिवसांपुरता कामावर घेतलेला असतो. तो पत्रकावरचं सांगतो. यंत्र चिखलात कसं चालतं, कुठला भाग आधी झिजतो, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिलाच प्रश्न विचारावा, "तुमचा इंजिनिअर किंवा सर्व्हिसवाला इथं आहे का?" असला तर त्याच्याशीच बोलावं.

पुढचे प्रश्न नेमके ठेवावेत. हे किती एचपीच्या ट्रॅक्टरला चालतं? हिंगोली, वसमत किंवा नांदेडला तुमचा डीलर कोण? सुटे भाग तिथं मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात? बिघाड झाला तर माणूस किती दिवसांत येतो? मराठवाड्यात हे कुणी घेतलंय, त्याचा नंबर द्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. ज्यानं एक हंगाम यंत्र वापरलंय, त्याच्याशी पाच मिनिटं बोललं, की अख्ख्या स्टॉलवर कळलं नसेल ते कळतं.

वहीत किंवा फॉर्मवर मोबाइल नंबर लिहून देतानाही थोडं सांभाळावं. दहा स्टॉलवर नंबर दिला, की पुढचे महिनाभर फोन येत राहतात. ज्यांच्याकडून खरंच काही घ्यायचंय, तिथंच द्यावा. ओटीपी तर कुणालाच सांगू नये.

"ऑफर आजच्यापुरती" आणि अनुदानाची पूर्वसंमती

सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते इथं. "काका, फक्त पाच हजार भरा, किंमत आजच्यापुरती कमी आहे, अनुदानाचं आम्ही पाहतो." हे ऐकून बुकिंग केलं जातं, नंतर बाकीचे पैसे भरून यंत्र दारात येतं आणि मग महाडीबीटीवर अर्ज करायला गेल्यावर कळतं, की आता उशीर झाला.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत क्रम ठरलेला आहे. आधी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. त्यासाठी फार्मर आयडी लागतो. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक आहे. निवड झाली की यंत्राचं कोटेशन आणि मान्यताप्राप्त संस्थेचा टेस्ट रिपोर्ट अपलोड करायचा. त्यानंतर कृषी विभाग पूर्वसंमती देतो. ती हातात आल्यावरच खरेदी करायची, मग बिल अपलोड करायचं, अधिकारी मोका तपासणी करतात आणि अनुदान आधार जोडलेल्या बँक खात्यात येतं. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल, तर अनुदान मिळत नाही.

साधारणपणे अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान असतं. प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादाही ठरलेली असते. म्हणजे लाखाच्या यंत्रावर पाच हजारांची 'आजची ऑफर' घेताना चाळीस-पन्नास हजारांपर्यंतचं अनुदान हातचं जाऊ शकतं.

मग प्रदर्शनातून आणायचं काय? कोटेशन. त्याला पैसे लागत नाहीत. तीन-चार कंपन्यांचं कोटेशन, मॉडेलचं पूर्ण नाव आणि टेस्ट रिपोर्टची प्रत घेऊन यावी. एवढ्यासाठी एरवी नांदेड, परभणी, अकोला अशा दहा चकरा होतात, त्या एका दिवसात भागतात. प्रदर्शनाच्या फेरीची खरी वसुली ही आहे. टेस्ट रिपोर्ट दाखवता येत नसेल, तर ते यंत्र अनुदानाला चालेल हे स्टॉलवाल्याचं बोलणं खरं धरू नये.

कोटेशनवर जीएसटी किती लावलाय, तेही पाहावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि मशागत, कापणी, मळणीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. लाखाच्या मूळ किमतीवर हा फरक ७,००० रुपयांचा आहे. जुन्या पत्रकावरची किंमत सांगून 'सूट' दिल्याचं कुणी दाखवत असेल, तर ती सूट कंपनीची की सरकारनं कमी केलेल्या कराची, हे विचारून घ्यावं.

हळदवाल्यांनी काय पाहावं?

वसमत, औंढा, कळमनुरी, हिंगोलीकडच्या शेतकऱ्यांचे पाय हमखास थबकतात ते हळदीच्या यंत्रांपुढं. काढणीचं यंत्र, वाफेवर हळद शिजवायचा कुकर, पॉलिशचा ड्रम. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या यंत्रांकडं लक्ष आणखी वाढलंय.

इथं वेळेची एक अडचण लक्षात घ्यावी. पुण्याचं प्रदर्शन डिसेंबरात असतं आणि आपल्याकडं हळद शिजवणं साधारण फेब्रुवारीपासून जोरात चालतं. विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, म्हणून "आता बुक केलं नाही तर हंगामाला मिळणार नाही" असं सांगितलं जातं. कधी ते खरंही असतं. पण मग यंत्र कोणत्या तारखेला दारात पोचेल आणि नाही पोचलं तर भरलेले पैसे परत मिळतील का, हे पावतीवरच लिहून घ्यावं. एप्रिलात आलेला कुकर त्या वर्षी कामाचा नाही.

वाफेच्या कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशरचं मीटर आहे का, ते हात लावून पाहावं. एका वेळी किती क्विंटल हळद शिजते, किती वेळ लागतो, लाकूड किती जळतं, पाणी किती लागतं, हे चार आकडे वहीत टिपून घ्यावेत. स्टॉलवर रिकामं यंत्र चकचकीत दिसतं; चालू हंगामात कुणाच्या शेतात ते पाहता आलं, तर निर्णय तिथं घ्यावा. आपल्या गावात चार जणांनी मिळून एक यंत्र घेतलं तर परवडेल का, की भाड्यानं शिजवून घेणंच बरं, याचाही हिशेब घरी बसून करावा.

टॉनिक, औषध आणि बियाणं

प्रदर्शनात सर्वांत जास्त हातोहात खपतात त्या बाटल्या. "फुटवे वाढतात, शेंगा लगडतात" असं सांगितलं जातं. अशी जैव-उत्तेजकं फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलीत. म्हणजे कुणीही काहीही बाटलीत भरून विकावं, असं चालत नाही. कीटकनाशकाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. बाटलीवर बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, घटक, बॅच नंबर, मुदत नसेल आणि विकणारा पक्कं बिल देत नसेल, तर ती बाटली तिथंच ठेवून पुढं जावं.

बियाण्याच्या पिशवीवरचा टॅगही वाचावा. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा टॅग असतो. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. घरी आल्यावर ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून पाहिले, की खात्री होते. टॅग, पिशवी, बिल आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवावं.

वाण निवडताना फक्त "उतारा किती" एवढंच विचारू नये. आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यावर किती दिवसांत निघतो, हे विचारावं. हार्वेस्टरनं काढणी करायची असेल, तर झाड उंच आणि शेंगा जमिनीपासून वर लागणारा वाण हवा. एमएयूएस १६२ यासाठी सांगितला जातो. असे प्रश्न विद्यापीठाच्या मेळाव्यात शास्त्रज्ञांना समोरासमोर विचारता येतात. परिसंवाद चालू असताना मंडपाबाहेर फिरण्यापेक्षा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आत बसलेलं जास्त कामी येतं.

फसगत झालीच तर

प्रदर्शन उठलं, की स्टॉलही उठतो. पावतीवर पत्ता नसेल तर जाब कुणाला विचारणार? म्हणून पैसे शक्यतो रोख देऊ नयेत. यूपीआय किंवा बँकेतून दिले की पुरावा राहतो, तोही कंपनीच्या नावावर. स्टॉलवरच्या माणसाच्या खासगी नंबरवर नको. स्टॉलचा, फलकाचा आणि यंत्राचा एकेक फोटो काढून ठेवावा.

बियाणं उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्यावी, पाहणी होऊन पंचनामा होतो. वस्तूबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. खरेदी पुण्यात केली म्हणून पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. यातलं काहीही बिलाशिवाय चालत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

कोण जाणार, कधी जाणार?

शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते, की स्टॉलवर बोलायलाच मिळत नाही. मधल्या वारी, दार उघडताच आत शिरलं तर दुपारपर्यंत मुख्य काम उरकतं. मोठ्या प्रदर्शनात चालणं फार होतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पाण्याची बाटली, औषधं आणि चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आधीच ठरवावी.

घरातल्या बाईमाणसांनाही न्यावं. निंदणी, खुरपणी, हळद वेचणी, जनावरांचं पाणी ही कामं ज्या करतात, त्यांना हाताळायला कुठलं अवजार हलकं आणि कुठलं जड, हे लगेच कळतं. बचत गटाला प्रक्रिया उद्योगाचं यंत्र पाहायचं असेल, तर गटातल्या दोघी-तिघींनी स्वतः पाहून, चालवून, विचारून यावं. पत्रकावर विसंबून ठरवू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

निघण्याआधी : तीनच प्रश्न कागदावर लिहा. त्यांची उत्तरं तोंडापूरला किंवा परभणीला मिळत असतील, तर लांबची गाडी करू नका. ऑनलाइन नोंदणीची सोय असेल तर ती आधीच करा. फार्मर आयडी आणि महाडीबीटीचा अर्ज कुठवर आलाय, ते पाहून ठेवा.

तिथं गेल्यावर : पहिल्या फेरीत फक्त पाहा, दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारा. कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, जवळच्या डीलरचा नंबर आणि वापरणाऱ्या शेतकऱ्याचा नंबर घ्या. पूर्वसंमती नसेल तर बुकिंग नाही.

परत आल्यावर : दोन-तीन दिवसांत गाडीतले सगळे एकत्र बसा. आणलेली कोटेशनं शेजारी-शेजारी ठेवा, दोन नंबरांवर फोन लावा, मग ठरवा. जे गावात राहिले त्यांनाही कागद दाखवा. सात जणांच्या खर्चात सत्तर जणांचं काम होतं.